रोजाचे अठराशे आणि वर्षाचे बारा महिने

पिंपरी-चिंचवडमधल्या २९ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा, मग दोन वर्षं एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ती गेली. तेव्हापासून ते लग्नकार्यं आणि पार्ट्या घेणाऱ्या केटररकडे रोजावर शेफ म्हणून जातात. सीझनला दिवसाचे १,८०० मिळतात, एरवी १,२००. आता चाकणच्या एका कारखान्याचं कॅन्टीन चालवणाऱ्या कंत्राटदार कंपनीने त्यांना कायमची नोकरी देऊ केली आहे. पगार २०,८००, कापून हातात साडेअठरा हजार, १ मेपासून रुजू व्हायचं. ते विचारतात, "महिन्याला ५४ हजारांचं काम सोडून साडेअठरा हजारांवर जाऊ का?" रोजच्या डाळभातात हात बिघडेल, ही त्यांची एक धास्ती. दुसरी म्हणजे ज्या केटररकडे बहुतेक काम असतं ते "तू घरचाच माणूस" म्हणतात, त्यांना सोडणं खाल्ल्या मिठाला न जागण्यासारखं वाटतं. शिवाय त्यांच्याकडे ३१,४०० रुपये अडकले आहेत. घरी लग्नाचं बघताहेत आणि "मुलगा रोजावर आचारी आहे" म्हटलं की स्थळ तिथेच थांबतं. पत्रासोबत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या बारा पानांचे फोटो पाठवले आहेत, मागच्या नोव्हेंबरपासून ऑक्टोबरपर्यंतचे. कामाच्या दिवशी चौकोनात लाल फुली.

नमस्कार,

पत्रासोबत पत्रिका पाठवणारे पाहिलेत, पगाराची स्लिप पाठवणारे पाहिलेत. कॅलेंडर पाठवणारे तुम्हीच पहिले. त्यामुळे पत्र बाजूला ठेवून मी आधी फुल्याच मोजल्या. (आयुष्याची २२ वर्षं औद्योगिक कॅन्टीनच्या हिशेबाच्या टेबलावर गेली आहेत, ती खोड जात नाही.) नोव्हेंबर ९, डिसेंबर १४, जानेवारी ८, फेब्रुवारी १७, मार्च १०, एप्रिल १६, मे २१, जून ९. तिथून चातुर्मास: जुलै ४, ऑगस्ट ३, सप्टेंबर ५, ऑक्टोबर ४. एकूण १२० दिवस.

५४ हजारांचा महिना या बारा पानांत मला कुठेच सापडला नाही. १,८०० गुणिले ३० हा हिशेब तुम्ही आणि तुमच्या लाइनमधली बहुतेक मंडळी मनातल्या मनात करता. पण सगळ्यात दाट मुहूर्तांच्या मे महिन्यातही तुमच्या २१च फुल्या आहेत. सीझनचे १०४ दिवस १,८००ने आणि चातुर्मासातले १६ दिवस १,२००ने धरले तर वर्षाचे २,०६,४०० होतात. म्हणजे महिन्याला १७,२००. अडकलेले ३१,४०० वजा केले तर महिना साडेचौदा हजारांवर येतो. मागच्या मेमध्ये कढईचं तेल उडून हात भाजला, त्याला ११ हजार लागले आणि तुमच्या केटरर शेठनी दोन हजार हातावर टेकवले, ते मी यात धरलेलंही नाही.

आता यावरून "मग नोकरीच घ्या" असं मी म्हणणार असं वाटलं असेल, तर थांबा. तुमच्या बाजूचाही हिशेब करायला हवा. तुम्ही लिहिलंय की पहाटे चारला कार्यालयाच्या मागच्या दाराने आत शिरायचं आणि रात्री आठला भांडी टेम्पोत चढली की सुटायचं. दिवसाला १६ तास, १२० दिवसांचे १,९२० तास. तासाला १०७ रुपये ५० पैसे पडले. कॅन्टीनमध्ये आठ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे वर्षाला २,४९६ तास. पगारात मालकाचा प्रॉव्हिडंट फंडाचा वाटा मिळवला तर तासाला १०८ रुपये ६५ पैसे. कागदावर तुमच्या तासाची किंमत दोन्हीकडे जवळपास तीच आहे. तेव्हा पैसे कुठे जास्त, या प्रश्नात मी अडकणार नाही. काम नसलेल्या दिवसाचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे, ते मला बघायचंय.

तुम्ही लिहिता, "रोजावर असलो तरी मी माझ्या मर्जीचा मालक आहे." आणि पुढच्याच पानावर लिहिता की चुलतबहिणीच्या हळदीला जाता आलं नाही, कारण शेठनी ती तारीख धरून ठेवायला सांगितली होती; आदल्या रात्री पार्टीने ऑर्डर रद्द केली, आणि त्या दिवसाचे तुम्हाला काहीच मिळाले नाहीत. त्या चौकोनात फुली काढून मग ती गिरवून खोडलेली दिसते. त्या पार्टीने शेठकडे विसार दिला असणार. ऑर्डर रद्द झाली की बहुतेक केटरर तो परत करत नाहीत, आणि त्यात मला गैर वाटत नाही, कारण त्यांनी तारीख अडवून ठेवलेली असते. पण तारीख तर तुम्हीही अडवून ठेवली होती. मग तुमचा विसार कुठे आहे? सध्या तुम्हाला कायम नोकराचं बंधन आहे आणि रोजंदाराची असुरक्षितताही आहे. याला मी मोकळीक म्हणणार नाही. खरा रोजंदार तोच, ज्याला तीन-चार केटरर फोन करतात आणि जो दोघांना नाही म्हणू शकतो.

मिठाला जागण्याचं मी हसण्यावारी नेत नाही. लॉकडाऊननंतर त्यांनी तुम्हाला उभं केलं, ही मोठी गोष्ट आहे. पण घरच्या माणसाचे ३१ हजार वर्षभर अडकवून ठेवायचे, ही कुठल्या घरची रीत? एक आठवण सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी एका केटररकडे हिशेब लिहायचे. तिथे पोळ्या लाटायला सहा-सात मावश्या यायच्या. मंडपात कितीही गडबड असो, शेवटचा उंडा लाटून झाला, परातीतलं पीठ झटकलं, की त्या पदराला हात पुसत सगळ्या मिळून येऊन शेठच्या खुर्चीपुढे उभ्या राहायच्या. बोलायचं काहीच नाही. नवरीची पाठवणी चाललेली असायची, बँड वाजत असायचा, आणि शेठ निमूट पाकीट काढायचे. त्याच कार्यालयातले मुख्य आचारी, ज्यांचा रोज मावश्यांच्या तिप्पट, ते मात्र "नंतर बघू" ऐकून टेम्पोत बसायचे. वर्षअखेरीला माझ्या वहीत बाकी असायची ती आचाऱ्यांची. मावश्यांच्या नावापुढे पाच रुपयेही कधी राहिले नाहीत. शेठ दोघांशीही तितकेच गोड बोलायचे.

तर त्या ३१,४००साठी भांडायला जाऊ नका, पण मागा. तारखा आणि रकमा लिहून शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर एक साधा मेसेज टाका: अमुक तारखेचे इतके, तमुक तारखेचे इतके, एकूण ३१,४००, तुमच्या हिशेबाशी जुळतंय का बघा. त्यांनी नुसतं "हो, देतो" लिहिलं तरी तुमच्या हातात कागद आला. मग हप्ते मागा, आणि ते सीझन चालू असतानाच मागा. एप्रिलमध्ये त्यांना तुमची गरज आहे, ऑगस्टमध्ये नसेल. तरीही दिले नाहीत तर कामगार आयुक्त कार्यालयाचा रस्ता आहे. रोजंदारीचं वेतनही वेतनच असतं, आणि नव्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. मेसेज टाकल्यावर निम्म्या बाक्या निघतात, हा माझा अनुभव.

आता हात बिघडण्याचं. लग्नातला पाहुणा एकदा जेवून जातो. पनीर वातड झालं तर तो गाडीत बसल्यावर बायकोला सांगतो, तुम्हाला नाही. कॅन्टीनमध्ये तीच ९०० माणसं उद्या पुन्हा ताट घेऊन समोर उभी असतात, आणि कालच्या आमटीबद्दल बोलतात. पुरणपोळी एकदा चांगली करणं सोपं म्हणत नाही मी, पण वरण वर्षातून ३०० दिवस एकसारखं उतरवणं ही वेगळी तालीम आहे. दुसरं म्हणजे, पाच-सहा वर्षांनी स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग सांगा, तुमच्या मसालेभाताचं एक ताट किती रुपयांना पडतं? तुम्हाला बहुधा सांगता येणार नाही. हे तुमच्या हुशारीवर बोट नाही, लग्नात तो आकडा शेठच्या डोक्यात असतो, आचाऱ्याला कोणी सांगत नाही. कॅन्टीनमध्ये तो सगळ्यांना माहीत असावा लागतो, कारण ताटाचा दर कंत्राटात बांधलेला असतो. दहा किलो कांदा सोलून निवडून किती राहतो, काल उरलेल्या भाजीचं वजन किती होतं, इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, कधी द्यायची, हे तिथे रोज कानावर पडतं. मी दोन केटरिंग व्यवसाय बुडताना जवळून पाहिले. दोन्हींचं जेवण उत्तम होतं.

कॅन्टीनचे तोटेही सांगते. ताटाचा दर तुटपुंजा असल्याने तेल-मसाल्यात हात आखडावा लागतो आणि चांगल्या शेफला ते जिव्हारी लागतं. तिसरी पाळी करावी लागू शकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्ही कारखान्याचे नोकर नसाल, कंत्राटदाराचे असाल. कंत्राट दुसऱ्याला गेलं की भट्ट्या तिथेच राहतात, माणसं हलतात. म्हणून हो म्हणण्याआधी विचारून घ्या: या साइटचं कंत्राट कधीपर्यंत आहे, ते गेलं तर दुसरीकडे घेता का, नेमणुकीचं पत्र रुजू होण्याआधी मिळेल का, जादा तासांचे पैसे कसे. आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर काम करायला मनाई आहे का, हे तर नक्की विचारा.

कापल्या जाणाऱ्या पैशांना तुम्ही "फुकट गेलेले दोन हजार" म्हटलंय. ऑफरच्या कागदावर मूळ पगार १५,००० आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० तुमचे प्रॉव्हिडंट फंडात जातात, आणि मालक तेवढेच घालतो. त्यातले १,२५० पेन्शनकडे, ५५० तुमच्या फंडात. खात्यात दर महिन्याला २,३५० साठतात. १५६ रुपये ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे. त्यात तुम्हाला आणि बायको-मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात, आणि कामावर भाजलात तर इलाज आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग दोन्ही. मागच्या मेमधल्या ११ हजारांच्या शेजारी हे १५६ ठेवून बघा. २०० रुपये व्यवसाय कर, तो मात्र खरंच गेला. एक बारीक गोम आहे. ईएसआय २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू असतो आणि तुम्ही २०,८००वर आहात. पहिल्या पगारवाढीनंतर लवकरच त्यातून बाहेर पडाल. तेव्हा त्यानंतर कंपनीचा गट विमा आहे का, हे आताच विचारा. रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी उमंग अ‍ॅपवर फंडाचं पासबुक उघडून पैसे खरंच जमा होताहेत का ते बघा. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा. स्लिपवर कापायचं आणि भरायचंच नाही, असे महाभाग या धंद्यात आहेत.

माझं मत विचाराल तर आयुष्यभराचा निर्णय आत्ता घेऊच नका. २०२६चं पंचांग उघडा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात लग्नं नाहीत. मागच्या वर्षी याच काळात तुमच्या मेच्या १२ आणि जूनच्या ९ फुल्या होत्या. २१ दिवसांचे ३७,८०० यंदा पंचांगानेच काढून घेतले आहेत. पुढे निज ज्येष्ठात थोडेफार मुहूर्त, मग २५ जुलैला आषाढी, की थेट तुळशीच्या लग्नापर्यंत शांतता. म्हणून कंपनीला विनंती करा की १ मेऐवजी सोमवारी, १८ मेला येतो. पंधरवड्याच्या उशिरासाठी चांगला माणूस सोडतील असं वाटत नाही. अक्षय्य तृतीयेपासून १६ मेपर्यंतच्या सगळ्या तारखा शेठच्या करून द्या, म्हणजे भर सीझनमध्ये तोंड फिरवल्याचा बट्टा लागणार नाही. मग नोव्हेंबरपर्यंत कॅन्टीन करून बघा. नाहीच रुचलं तर नोटीस किती दिवसांची द्यायची ते नेमणुकीच्या पत्रात पाहून ठेवा आणि ती रीतसर द्या. जमलं तर रविवारच्या मुहूर्तांना, मनाई नसेल तर, शेठकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे जाता येईलच. या सहा महिन्यांत तुम्ही फार थोडं गमावता.

आणि रोजावरच राहायचं ठरलं, तुमचं किंवा हे वाचणाऱ्या एखाद्या वाढप्याचं, फोटोग्राफरचं, मंडपवाल्याचं, तर काही गोष्टी मनाशी बांधून घ्या. तारीख तोंडी घ्यायची नाही. दिवस, ठिकाण, किती वाजता पोहोचायचं, किती तास आणि रोज किती, एवढं मेसेजमध्ये यायला हवं. बारा तासांपुढे जादा किती ते आधी बोला. तारीख धरली की निम्मा रोज आगाऊ. सुरुवातीला हसतील, पण पाचातले दोघे देतील, आणि ते दोघेच पुढे धरायचे. उरलेले त्याच रात्री यूपीआयवर. भांडी चढायच्या आधी, नंतर नाही. कोणा एका केटररकडे निम्म्याहून जास्त फुल्या होऊ देऊ नका. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, ती करून टाका. बँकेत वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दोन लाखांपर्यंत. भाजल्याच्या इलाजाचे पैसे मात्र त्यातून मिळत नाहीत, त्यासाठी वेगळा आरोग्य विमा लागेल. आणि तेलाच्या कढईशी सुती पूर्ण बाह्या आणि बंद बूट. सँडल घालून घाणा तळणारे शेफ मी अजून बघते आणि माझे पाय भाजतात.

स्थळांबद्दल थोडंच बोलते. "रोजावर आचारी" ऐकून जे थांबतात त्यांतल्या काहींना आचारी खटकत नाही, "रोजावर" खटकतं. मुलीच्या बापाने तो प्रश्न विचारणं मला तरी गैर वाटत नाही. आचारी या शब्दालाच नाक मुरडणारेही असतात. त्यांच्या घरी जावई होऊन जाण्यात तुमचंही काही भलं नाही. पण लग्न जमावं म्हणून कॅन्टीनची नोकरी धरत असाल तर तसं मुलीला सांगून धरा, कारण नोव्हेंबरमध्ये ती सोडायची वेळ आली तर तिलाही ते आधी कळलेलं असावं.

ता.क.मध्ये तुम्ही विचारलंय की मोठ्या पातेल्यात मसालेभात तळाला लागतो आणि वर कच्चा राहतो, ९०० माणसांचा कसा लावायचा. घरचं तांदळाच्या दुप्पट पाण्याचं माप तिथे चालत नाही. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून पाणी कमी धरावं लागतं. किती, ते तुमच्या तांदळाच्या पहिल्या दोन पातेल्यांत कळेल, वहीत लिहून ठेवा. मीठ-मसालाही सरळ पटीत वाढवू नका, थोडा मागे ठेवून चव बघा. पाणी वरून दिसेनासं झालं की भट्टी बारीक, पातेल्याखाली जाड तवा, झाकणावर वजन, आणि झारा मधे न घालता कडेने. आणि ९०० जणांचा एकदम लावूच नका. जेवणाच्या तीन पाळ्या असतील तर तीन पातेली, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने. पहिली पाळी ताटं घेऊन उभी राहील तेव्हा दुसरं पातेलं दमावर असायला हवं.